कडुलिंबाचे लाकूड आणि वीसपैकी सतरा गुण

आमच्या शाळेच्या मागे हातपंपाजवळ एक जुना कडुलिंब आहे. दुपारची खिचडी झाली की मुले त्याच्या सावलीत बसतात आणि विज्ञानाचा तास दुपारनंतर असला तर मीही वर्ग तिथेच भरवते. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाची प्रकाशसंश्लेषणावरची वीस गुणांची घटक चाचणी मी तपासून परत दिली होती आणि सतरा गुण मिळवणारी एक मुलगी त्या दिवशी माझ्यासमोरच बसली होती. तिची व्याख्या अचूक होती, समीकरण बरोबर होते, हरितद्रव्याचे कार्यही तिने नेमके लिहिले होते. मी सहज, कोणताही हेतू मनात नसताना, कडुलिंबाच्या खोडावर हात ठेवून विचारले, "बी एवढीशी होती, मग हे एवढे लाकूड आले कुठून?" ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "मातीतून, मॅडम. झाड मुळ्यानं माती ओढते न." बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या.

त्या सतरा गुणांनी मला तिच्या पाठांतराबद्दल खरे सांगितले होते, पण वनस्पती आपले शरीर मुख्यतः हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून घडवते, या त्या पाठाच्या गाभ्याबद्दल काहीच सांगितले नव्हते. पाठ शिकवण्याआधी विचारले असते तरी तिने हेच उत्तर दिले असते, म्हणजे तिच्या समजुतीत कणभरही हालचाल झाली नव्हती आणि माझ्या निकालपत्रकात मात्र ती वर्गात दुसरी होती. त्या दुपारपासून चाचणी या गोष्टीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. मी पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. पुढे जे लिहिते आहे ते त्यानंतरच्या वर्षांत, बहुतेक वेळा चुका करून, उमगलेले आहे.

पहिली चूक माझ्या प्रश्नपत्रिकेतच होती. बी.एड.ला असताना आम्हाला संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, करायला शिकवले होते. आशयाचे घटक एका बाजूला, ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य ही उद्दिष्टे दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक चौकटीत भारांश, म्हणजे तिचा गुणांतला वाटा. १९५६ साली अमेरिकेतील बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणावर ही सारी पद्धत उभी आहे आणि ती मुळात चांगली आहे. मी तो तक्ता दरवर्षी इमानाने भरत असे. घोटाळा असा होता की उपयोजनाच्या चौकटीत मी जो प्रश्न बसवी, त्याचे उत्तर पाठाखालच्या स्वाध्यायात, आणि तिथे नसेल तर बाजारातल्या मार्गदर्शिकेत, छापलेले असे. 'शास्त्रीय कारणे लिहा' हा आपल्याकडचा सर्वांत लाडका प्रश्नप्रकार याचे उत्तम उदाहरण आहे. कारण शोधावे लागते तेव्हाच ते उपयोजन. पाठ केलेले कारण उतरवणे म्हणजे शुद्ध स्मरण, प्रश्नावर कोणतेही लेबल लावले तरी. आता मी प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावते: हा प्रसंग मुलाने यापूर्वी पुस्तकात, वहीत किंवा फळ्यावर पाहिला आहे का? पाहिला असेल तर तो प्रश्न ज्ञानाच्या रकान्यात जातो. पहिल्या वर्षी ही कसोटी माझ्या जुन्या प्रश्नपत्रिकांना लावली तेव्हा उपयोजनाचा रकाना जवळजवळ रिकामा झाला.

कडुलिंबाच्या प्रश्नासाठी मी पुढच्या वर्षी एक जुना प्रयोग वापरला. फ्लेमिश वैद्य यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मोन्ट यांनी २०० पौंड वाळवलेल्या मातीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावून पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन १६९ पौंड ३ औंस झाले आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर ती जेमतेम २ औंसांनी घटली होती. त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, हे प्रसिद्ध झाले. मी मुलांपुढे फक्त हे आकडे ठेवले आणि दोन गोष्टी विचारल्या: यावरून 'झाड माती खाते' या म्हणण्याचे काय होते, आणि व्हॅन हेल्मोन्ट यांनी काढलेला 'सारे झाड पाण्यापासूनच बनले' हा निष्कर्ष पुरेसा आहे का? पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती. उत्तर पुस्तकात सापडणार नव्हते. मात्र पुस्तकातले समीकरण योग्य जागी वापरता येणाऱ्याला पाण्याबरोबर हवेची आठवण होणार होती. त्या वर्षी एका मुलाने कागदावर लिहिले नाही पण तोंडी म्हणाला, "मॅडम, झाड माती खाते तं त्याच्या बुडाशी खड्डा काहून नाही पडत?" या एका वाक्याला किती गुण द्यायचे हे मला आजही ठरवता आलेले नाही, पण ते मी माझ्या वहीत तारखेसह उतरवून ठेवले आहे.

चांगला प्रश्न बनवायचा तर आधी मुलांच्या चुका गोळा कराव्या लागतात, हे मला उशिरा कळले. आता कोणताही मोठा घटक सुरू करण्याच्या आठवडाभर आधी मी एकच मोकळा प्रश्न विचारते आणि मुले पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्यांवर उत्तर लिहितात किंवा चित्र काढतात. नावही लिहायचे असते, पण गुण नसतात. घरी त्या चिठ्ठ्यांचे मी टेबलावर ढीग लावते: सारख्या समजुतीच्या चिठ्ठ्या एका ढिगात. तीसएक चिठ्ठ्यांचे सहसा चार किंवा पाचच ढीग होतात आणि दरवर्षी तेच ढीग पुन्हा दिसतात. पाणी खळखळ उकळताना जे बुडबुडे वर येतात त्यांत काय असते, या प्रश्नावर माझ्याकडे 'हवा', 'ऑक्सिजन आणि हायड्रोजन', 'गरमी' आणि 'वाफ' असे ढीग होतात. शेवटचा, म्हणजे बरोबर उत्तराचा, ढीग सर्वांत लहान असतो. विज्ञान शिक्षणाच्या संशोधनात जगभरच्या मुलांची हीच उत्तरे नोंदवलेली आहेत, हे मला नंतर समजले आणि थोडा धीर आला की दोष केवळ आमच्या शिकवण्यात नाही.

हे ढीगच पुढे बहुपर्यायी प्रश्नाचे पर्याय होतात, आणि पर्यायांचे शब्दही शक्यतो मुलांचेच ठेवायचे. पूर्वी मी चुकीचे पर्याय मनानेच रचत असे, आणि ते इतके उघड चुकीचे असत की न शिकलेले मूलही त्यांना वगळू शके. १९९२ साली अमेरिकेत हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बल आणि गती यांवर जी प्रसिद्ध चाचणी तयार केली, तिचे बळ याच गोष्टीत आहे: तिच्यातला प्रत्येक चुकीचा पर्याय विद्यार्थ्यांच्या डोक्यातल्या खऱ्या समजुतीतून आलेला आहे, त्यामुळे मूल चुकले तरी ते कोणत्या वाटेने चुकले हे शिक्षकाला कळते. चार पर्यायांच्या वीस प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरीने पाच बरोबर येतात, हा बहुपर्यायी प्रश्नांचा दोष मात्र यानेही जात नाही. त्यावर १९८८ साली ऑस्ट्रेलियातील डेव्हिड ट्रेगस्ट यांनी सुचवलेली दुपदरी प्रश्नांची रीत मला उपयोगी पडली. पहिल्या पदरात उत्तर निवडायचे आणि दुसऱ्या पदरात त्याचे कारण निवडायचे. दोन्ही जुळले तरच गुण. माझ्या वर्गात दुसऱ्या पदराची जागा मी कोरी ठेवते, कारण छापील कारणांपेक्षा मुलांची कारणे मला जास्त शिकवतात. तपासायला वेळ जास्त लागतो, म्हणून असे प्रश्न एका चाचणीत तीनच असतात.

बुडबुड्यांच्या प्रश्नाचा पहिला मसुदा मी 'पाणी तापवताना येणाऱ्या बुडबुड्यांत काय असते' असा केला होता. आठवीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला की सुरुवातीला भांड्याच्या बुडाला जे बारीक बुडबुडे चिकटतात ते आणि नंतर खळखळ येतात ते सारखे दिसत नाहीत, मग मॅडमला नेमके कोणते हवेत? त्याचे बरोबर होते. सुरुवातीचे बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचेच असतात, आणि माझ्या प्रश्नात 'हवा' हे उत्तर निम्मे बरोबर ठरत होते. प्रश्न दुसऱ्या कुणाला, शक्य तर एखाद्या चिकित्सक मुलालाच, आधी वाचायला दिल्याशिवाय छापायचा नाही, हा नियम मी त्या दिवशी घालून घेतला.

आता प्रात्यक्षिकाकडे येते, कारण विज्ञानाची परीक्षा कागदावर संपते ही आपली सवय मला सर्वांत जास्त खटकते. शासनाने २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले तेव्हा आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या, मूल्यमापनाच्या साधनांत प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, तोंडीकाम हे सारे होते, आणि सातवी-आठवीसाठी आकारिकचा ४० टक्के भारांशही ठरलेला होता. कागदावरची योजना उत्तम होती. प्रत्यक्षात प्रात्यक्षिकाचे गुण बहुतेक ठिकाणी लेखी गुणांकडे पाहून भरले जातात. मीही भरलेले आहेत, तेव्हा कुणाला नावे ठेवत नाही.

आमच्या खारपाणपट्ट्यात विज्ञानाचे साहित्य विकत आणावे लागत नाही, ते विहिरीतच असते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या मोठ्या भागात भूजल खारे आहे; पिण्याचे पाणी नळ योजनेने दूरवरून येते आणि विहिरीचे पाणी गुरांना किंवा वापरायला राहते. म्हणून माझी प्रात्यक्षिक चाचणी अशी असते: तीन बाटल्या, त्यांवर अ, आ, इ एवढेच लिहिलेले. एकीत शाळेच्या टिनांवरून धरलेले पावसाचे पाणी, दुसरीत नळाचे, तिसरीत गावविहिरीचे. चव घ्यायची नाही. जवळ स्टीलच्या ताटल्या, ड्रॉपर, बहिर्गोल भिंग, खडू आणि बाहेर ऑक्टोबरचे ऊन. सर्वांत जास्त क्षार कोणत्या बाटलीत आहेत ते शोधायचे आणि कसे शोधले ते सांगायचे. बाष्पीभवन हा शब्द मी मुद्दाम उच्चारत नाही.

एका वेळी सहा मुले ताटल्यांपाशी असतात आणि बाकीचा वर्ग लेखी काम करतो. दोन दिवसांत सर्वांचे होते. मी काय पाहते? मुलाने तिन्ही पाण्यांचे सारखे थेंब घेतले का, ताटलीवर कोणता थेंब कोणत्या बाटलीचा याची खूण केली का, वाळल्यावर राहिलेल्या पांढऱ्या डागाची नोंद तिन्हींसाठी केली का, आणि निष्कर्ष स्वतःच्या नोंदीवरून काढला की गावातल्या ऐकीव माहितीवरून. शेवटचा निकष फार महत्त्वाचा आहे, कारण 'विहिरीचे पाणी खारे' हे गावातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते आणि तिसरी बाटली थोडी गढूळ दिसली की काही मुले थेंब टाकण्याआधीच उत्तर लिहून मोकळी होतात. त्यांचे उत्तर बरोबर असते आणि गुण कमी मिळतात. त्यावरून माझे एका पालकाशी वाजलेही आहे.

पहिल्या वर्षी या कामात मला एक धडा मिळाला. वर्गात फारसे न लिहिणारा, लेखी चाचणीत नेहमी शेवटच्या पाचांत असणारा एक मुलगा ताटलीपाशी बसला, त्याने प्रत्येक बाटलीचे मोजून दहा थेंब टाकले, प्रत्येक पाण्यासाठी ड्रॉपर धुतला आणि तीनही डागांभोवती खडूने गोल काढले. ड्रॉपर का धुतलास असे विचारले तर म्हणाला, "फवारणीच्या वक्ताले बावा टोपण धुऊन घेते. नाहीतं दोन दवाया मिसळते." औषधाचे माप टोपणाने घेणाऱ्या घरातला तो मुलगा नियंत्रित तुलना वावरातच शिकून आला होता, आणि माझ्या लेखी चाचणीला त्याचा पत्ताही नव्हता. चाचणीची सप्रमाणता म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाणे, ही व्याख्या मी बी.एड.ला पाठ केली होती. तिचा अर्थ त्या ताटलीपाशी कळला.

विश्वसनीयतेचाही, म्हणजे कुणीही तपासले तरी तेच गुण पडण्याचा, धडा याच चाचणीने दिला. जवळच्या शाळेतल्या विज्ञान शिक्षकांना मी दहा मुलांच्या नोंदींचे कागद दिले आणि दोघांनी स्वतंत्रपणे गुण दिले. निम्म्याहून अधिक कागदांवर आमचे जुळले नाही. 'योग्य निरीक्षण' या निकषाचा त्यांच्या मते अर्थ नीटनेटका तक्ता असा होता, माझ्या मते तिन्ही डागांतला फरक शब्दांत सांगणे असा. चहाचे दोन कप संपेपर्यंत वाद घालून आम्ही 'योग्य निरीक्षण' हे शब्द काढून टाकले आणि त्या जागी 'तिन्ही थेंब वाळल्यानंतर काय उरले ते प्रत्येकासाठी लिहिले किंवा काढून दाखवले आहे' असे लिहिले. पुढच्या वर्षी जुळणी पुष्कळ सुधारली. निकषात 'योग्य', 'चांगले', 'समाधानकारक' असा शब्द आला की समजावे, तिथे दोन शिक्षक दोन गुण देणार.

अशा परीक्षा गावातल्या शाळांत होऊ शकत नाहीत, असे कुणी म्हटले की मी सातपुड्यापलीकडचे उदाहरण देते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा उच्च प्राथमिक शाळांपासून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. प्रयोगांतून शिकणे हा त्याचा पाया होता आणि त्याला अनुसरून परीक्षाही बदलली होती: लेखी परीक्षेत पुस्तक व वही उघडी ठेवायची परवानगी असे आणि प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी होई. शिकवणे बदलायचे आणि परीक्षा जुनीच ठेवायची, असे त्यांनी केले नाही. पुढे शेकडो शाळांत पसरलेला हा कार्यक्रम २००२ साली तिथल्या शासनाने बंद केला. पण तीन दशके सरकारी शाळांतल्या खेड्यांच्या मुलांनी पुस्तक उघडे ठेवून परीक्षा दिल्या, ही गोष्ट पुसली जात नाही.

उघड्या पुस्तकाचा माझा आवडता प्रश्न सोयाबीनचा आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तोवर पेरणीचे दिवस आलेले असतात आणि घरोघरी ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून उगवणक्षमता पाहिलेली असते. कृषी विभाग १०० दाणे घ्यायला सांगतो आणि ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे शिफारशीच्या मात्रेत पेरण्याजोगे मानतो. माझा प्रश्न असा: एका शेतकऱ्याने दहाच दाणे तपासले, त्यांतले आठ उगवले, दुसऱ्याने शंभर तपासले, त्यांतले चौऱ्याहत्तर उगवले, कोणाच्या बियाण्यावर तुम्ही जास्त भरवसा ठेवाल आणि पहिल्या शेतकऱ्याला काय सांगाल? सहावीत बहुतेक मुले ८० टक्के मोठे म्हणून पहिल्याची निवड करतात. दहात दोन दाणे इकडचे तिकडे झाले तर काय होईल, हा विचार ज्या मुलाला आठवीत सुचतो, ते मूल दोन वर्षांत कुठून कुठे आले हे मला स्पष्ट दिसते.

आणि इथेच माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत होते. प्रगती म्हणजे दोन मोजमापांतला फरक, आणि आपण मोजतो एकदाच. घटक शिकवून झाल्यावरच्या चाचणीत पंधरा गुण मिळवणारे मूल आधीपासूनच चौदा गुणांचे होते की तीन गुणांचे, हे आपल्याला ठाऊकच नसते. तरीही आपण त्या कागदाला प्रगतिपुस्तक म्हणतो. माझ्या शाळेत आता प्रत्येक सत्रात दोन घटकांसाठी मी तीनदा मोजते: शिकवण्याआधी, शिकवून झाल्यावर लगेच, आणि फेब्रुवारीत, जेव्हा मुले तो पाठ विसरलेली असायला हवीत. सगळ्या घटकांसाठी हे करणे एका शिक्षिकेला शक्य नाही. प्रश्न तिन्ही वेळी तेच ठेवले तर मुले उत्तर लक्षात ठेवतात, म्हणून कल्पना तीच आणि प्रसंग वेगळा: जूनमध्ये कडुलिंबाचे लाकूड, सप्टेंबरात व्हॅन हेल्मोन्ट, फेब्रुवारीत बंद काचेच्या बरणीत वाढणारे रोप आणि बरणीसकट त्याचे वजन वाढेल, घटेल की तेवढेच राहील हा प्रश्न. शेवटचा प्रश्न मुलांना भलताच अवघड जातो, पण सप्टेंबरात ज्यांनी हवेचा विचार खरोखर केला होता त्यांना तो सुटतो.

फरक मोजण्याचीही एक खाच आहे. वीस टक्क्यांवरून चाळीसवर गेलेले मूल आणि ऐंशीवरून नव्वदवर गेलेले मूल यांची तुलना कशी करायची? १९९८ साली भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी अमेरिकेतील सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या, भौतिकशास्त्राच्या बासष्ट अभ्यासक्रमांतील निकालांसाठी एक सोपे सूत्र वापरले: जेवढी वाढ झाली तिला, जेवढी वाढ शक्य होती तिने भागायचे. पहिल्या मुलाला ऐंशीची जागा होती, त्याने वीस मिळवले, म्हणजे ०.२५. दुसऱ्याला वीसचीच जागा होती, त्याने दहा मिळवले, म्हणजे ०.५. हेक यांना व्याख्यानावर चालणाऱ्या वर्गांत ही सरासरी ०.२३ आणि विद्यार्थ्यांना विचार व चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८ आढळली. माझ्या पंचवीस-तीस मुलांच्या वर्गात या सूत्राचा मी संपूर्ण वर्गापुरताच, आणि तोही जपून, उपयोग करते. एकट्या मुलाच्या बाबतीत वीस गुणांच्या चाचणीत दोन प्रश्नांनी सारे चित्र बदलते.

त्याहून आमच्याकडची खरी अडचण कापसाची आहे. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की वर्गातली काही मुले आठवडेच्या आठवडे वावरात असतात, आणि नेमकी तीच मुले शिकवून झाल्यानंतरच्या चाचणीला गैरहजर राहतात. एका वर्षी माझ्या वर्गाची सरासरी चांगली उंचावलेली दिसली आणि मी खूश झाले. नंतर हजेरी ताडून पाहिली तर आधीच्या चाचणीत कमी गुण असलेली मुले दुसऱ्या चाचणीत नव्हतीच. वर्ग शिकला नव्हता, वर्गातली मुले कमी झाली होती. तेव्हापासून दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच तुलना करायची, आणि जी एकीलाच होती त्यांची नावे स्वतंत्र ओळीत लिहायची, असा माझा शिरस्ता आहे. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, शिक्षण परिषदेत मी हे सांगितले तेव्हा काहींनी हसून सोडून दिले, पण शेजारच्या गावातल्या एका मॅडमनी दुसऱ्याच दिवशी फोन करून हजेरीपत्रक समोर घेऊन त्यांचे आकडे पुन्हा मांडले.

वर्णनात्मक नोंदींबद्दल थोडक्यात लिहिते. 'प्रयोगाचे साहित्य व्यवस्थित हाताळतो', 'निसर्गाविषयी जिज्ञासा दाखवतो' अशा तयार वाक्यांच्या याद्या मोबाइलवर फिरतात आणि त्या नोंदवहीत उतरवल्या जातात. मला वाटते त्यापेक्षा ती पाने कोरी ठेवलेली बरी. मी दिवसाला फक्त पाच मुले पाहते आणि मूल काय म्हणाले किंवा त्याने काय केले ते जसेच्या तसे, त्याच्याच वऱ्हाडीत, लिहिते. खड्ड्याचे ते वाक्य याच वहीत आहे. भाषेचा मुद्दा इथे मोठा आहे, कारण 'बाष्पीभवन' हा शब्द न आठवल्याने ज्याचे उत्तर कोरे राहते, त्याला 'पाणी उडून गेलं अन् मीठ तिथंच राह्यलं' हे पूर्ण ठाऊक असू शकते. मेळघाटात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या वर्गात तर घरची भाषा कोरकू असते. ती प्रत्येक चाचणीत एक प्रश्न चित्राचा आणि एक कृतीचा ठेवते, नाहीतर तिची विज्ञानाची चाचणी मराठीची चाचणी होऊन बसते, असे ती म्हणते. संज्ञा शिकवायच्याच आहेत, पण संज्ञेचे गुण वेगळे आणि कल्पनेचे वेगळे, एवढे तरी करता येते.

तपासलेल्या कागदावर गुण लिहावेत की शेरा, यावर १९८८ साली रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास मला फार विचार करायला लावून गेला. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांच्या कामात सुधारणा झाली. ज्यांना फक्त गुण मिळाले त्यांच्यात नाही, आणि ज्यांना गुण व शेरा दोन्ही मिळाले त्यांच्यातही नाही, कारण गुण दिसले की शेरा कुणी वाचत नाही. मी आधीच्या आणि मधल्या चाचणीवर फक्त प्रश्नवजा शेरा लिहू लागले: 'थेंब लहान-मोठे झाले असते तर डागावरून काय ठरवता आले असते?' मुले कागद उलटसुलट करून विचारत, "मॅडम, मार्क कुठीसा हायत?" पहिले काही महिने मला त्यांची समजूत काढावी लागली, पालकांची अजूनही काढावी लागते. आठवीला तर २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणे पुन्हा आवश्यक झाले आहे, तेव्हा तिथे गुण टाळून भागत नाही. त्या वर्गात शेरा आधी देते आणि शेऱ्याला उत्तर लिहून आणले की गुण सांगते.

मार्चच्या पालकसभेत मी एका आईला तिच्या मुलीची दोन चित्रे दाखवली. जूनच्या चित्रात मातीतून बाण झाडात जात होते. फेब्रुवारीच्या चित्रात मुळांकडून पाण्याचा बाण होता, पानांकडे हवेचा बाण होता आणि मातीतून एक बारीकसा बाण, त्याच्याजवळ 'थोडेसे क्षार' असे लिहिलेले. मी दोन्हींतला फरक समजावून सांगितला. त्या माउलीने दोन्ही कागद लक्षपूर्वक पाहिले, बारीक बाणावर बोट ठेवून म्हणाली, "म्हंजे खत टाकतो तं ते एवढंसंच लागते होय?" आणि मग थोडे थांबून, "पण पास हाय न ते?"

बुडबुड्यांच्या प्रश्नावर मात्र यंदाचा वर्ग जूनमध्ये जिथे होता तिथेच फेब्रुवारीत होता. 'हवा' हा ढीग तेवढाच जाड राहिला. मी वर्गात पाणी उकळून दाखवले होते, पण वाफ थंड ताटलीवर धरून तिचे पुन्हा पाणी होते हे दाखवायचे राहून गेले होते, आणि दोन चाचण्यांचे ढीग शेजारी ठेवल्यावर ते लक्षात आले. येत्या वर्षी तो पाठ सुरू होण्याआधी स्टोव्ह, झाकणाचे पातेले आणि गार पाण्याने भरलेली एक ताटली शाळेत आणून ठेवायची आहे.